तुरीचा दुसरा फुलोरा

माझं माहेर देवळाली प्रवराकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. पाटाला पाणी सुटलं की घरात हसू, आणि आवर्तन लांबलं की वडील कुणाशी धड बोलायचे नाहीत. पाणी कमी पडल्याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले होते. पाणी जास्त झालं म्हणून पीक मेलं, असं मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं.

लग्न होऊन मी तिसगावच्या बाजूला एका लहान गावात आले. इथं सगळं आभाळावर. बाजरी, मूग, तूर, कुठं कुठं कपाशी. दिवाळी झाली की अर्धं गाव संसार ट्रॅक्टरमध्ये भरून ऊस तोडायला निघायचं. त्यातली काही माणसं माझ्याच माहेराकडं जायची. पहिल्या वर्षी त्यांना जाताना बघून मला ओशाळल्यासारखं झालं होतं, ते अजून आठवतं.

सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात मी, नवरा आणि सासूबाई. आमच्याकडं नवऱ्याच्या आईला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. नवरा नगरच्या एमआयडीसीत कामाला, सुट्टीच्या दिवशी घरी. शेती बघायची ती आत्याच. अंगानं बारीक, बोलायला कमी, आणि चालताना कायम जमिनीकडं बघत चालणारी. मला वाटायचं पाठीत वाक आला असेल. नंतर कळलं, ती माती बघत चालते.

मी सांगते आहे ते अलीकडचंच. त्या वर्षी मृगात पेरा झाला. अडीच एकराच्या तुकड्यात तुरीच्या ओळी आणि मधल्या पट्ट्यात मूग. आमचा तुकडा वरून मुरमाड आणि खाली काळ्या जमिनीचा, ओढ्याच्या दिशेनं उतरत गेलेला. ओढा आणि आमचं रान यांच्या मध्ये चुलत सासऱ्यांचं शेत. त्यांच्यात आणि आमच्यात एका बांधावरून जुनी कुरबुर होती. लग्नकार्यात एका मांडवात बसायचं, पण एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, अशी.

तूर हे पीक मी तोवर कधी नीट पाहिलं नव्हतं. उगवल्यावर दोन महिने ती काही वाढतच नाही. शेजारचा मूग फुलतो, शेंगा धरतो, आणि ही आपली गुडघ्याएवढी उभी. मी आत्याला म्हटलं, "ही काय करते एवढे दिवस?"

"खाली जाती," आत्या म्हणाली. "आधी खाली जाती, मग वर येती."

श्रावण सरता सरता मुगाच्या शेंगा काळ्या पडून तोडायला आल्या आणि झड लागली. सतत, बारीक, दिवसभर पडणारा पाऊस. दोन दिवस आम्ही वाट बघितली. तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, चल. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ घेऊन आम्ही दोघी रानात गेलो. मी एक शेंग तोडून उकलली. आत एकूण एक मुगाला मोड आलेले होते. घरी फडक्यात बांधून ठेवल्यावर येतात तसे, पांढरे, लांब. झाडाला लटकलेल्या शेंगेत. मी ती शेंग हातात धरून बघतच राहिले. नुकसान झालं हे डोक्यात नंतर आलं. आधी वाटलं ते हेच की, याला कुणाची म्हणून गरज नाही. माती नको, पेरणारा नको, ओल मिळाली की हा निघाला.

आत्यानं चांगल्या वाटल्या त्या शेंगा खुडल्या. घरात पंख्याखाली, खाटेवर, चुलीच्या कडेला पसरल्या. चारदोन दिवस घरभर कुबट वास होता. हाती लागला तो मूग घरी खायला पुरला, एवढाच. बाजारात न्यायचा प्रश्न आला नाही. बाकीचा म्हशीनं खाल्ला.

"जाऊ दे," आत्या म्हणाली. "तूर हाय."

पण भादव्यात खरा पाऊस आला. आधीच्या झडीला आम्ही पाऊस म्हणत होतो याचं नंतर हसू यावं, असा. ओढ्याचं पाणी पुलावरून गेलं. शाळा बंद, एसटी बंद. पाऊस थोडा उघडला तसं आम्ही रानात गेलो, तर खालचा अर्धा तुकडा तळं झालेला. तुरीची झाडं कमरेएवढ्या उंचीची, त्यातली वीतभर पाण्यात. वारा आला की पाण्यात तिरपी लाट उठायची आणि सगळी ओळ एकदम हलायची. माझ्या माहेरच्या सवयीनं मला ते दृश्य क्षणभर चांगलंच वाटलं. भरलेलं रान.

आत्या लुगडं खोचून सरळ पाण्यात शिरली. एक झाड मुळासकट उपसलं. मुळाला नखानं ओरखडा काढला आणि मुळी नाकाशी नेली. मग मला हाक मारली.

"हे बघ. अजून पांढरं हाय. वास बी न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी अजून श्वास हाय. तुरीला पाण्यात उभं ऱ्हाता येत न्हाई गं. ऊस न्हवं ती. उद्यापतुर पाणी ऱ्हायलं तर गेली."

पाणी काढायचं म्हणजे बांध फोडायचा. आणि आमचा बांध फोडला की पाणी चुलत सासऱ्यांच्या बाजरीत जाणार. आत्या बांधावर जरा वेळ उभी राहिली. मग तशीच, चिखलानं भरलेल्या पायांनी, त्यांच्या वस्तीकडं चालू लागली. मी मागं.

ते पडवीत बसले होते. आत्याला बघून उठले. पाऊस पुन्हा सुरू झाला होता, पण आत या असं ते म्हणाले नाहीत आणि आत्याही पायरी चढली नाही. पन्हळीखाली उभं राहूनच ती बोलली.

"भावजी, तुरीत पाणी साचलंय. बांध फोडावा लागंल. तुमची बाजरी मधी येती. विचारायला आले."

मला वाटलं, आता जुना हिशेब निघणार. पडवीच्या कोपऱ्यात कणसं पडली होती, त्यातलं एक उचलून त्यांनी आत्याच्या हातात दिलं. हिरवं केसाळ काहीतरी. मी आधी ओळखलंच नाही. बाजरीचं सबंध कणीस होतं, आणि त्याच्या दाण्यादाण्याला कोंब आलेले.

"सगळी अशीच हाय, वैनी," ते म्हणाले. "आता तिला बुडवायचं काय ऱ्हायलंय?"

त्यांनी फावडं घेतलं. आमच्या पुढं चालत गेले. आधी आमचा बांध फोडायला न जाता ते खाली, त्यांच्या स्वतःच्या शेताच्या ओढ्याकडच्या बांधाशी गेले आणि तो फोडला. म्हणजे पाणी त्यांच्यातही थांबू नये आणि पुढं सरळ निघून जावं. नंतर वर येऊन मधल्या बांधावर उभे राहिले. तोच बांध, ज्यावरून एवढी वर्षं येणंजाणं बंद होतं. एका बाजूनं ते आणि दुसऱ्या बाजूनं आत्या, दोघं फावड्यानं माती ओढू लागले. मी हातानं ढेकळं काढत होते. मग माती आपोआपच सुटली. पाण्यानं स्वतःची वाट रुंद केली, दोन हात, चार हात, आणि असा आवाज करत निघालं की आम्ही तिघंही मागं सरलो. तांबूस, जड पाणी, त्यात काड्या, फेस, एक वाहात जाणारा साप. आमच्या पायाखालची जमीन थरथरत होती. एवढं पाणी रानात होतं, हे ते जाताना कळलं. डोळ्यांसमोर तुरीची एकेक ओळ बुडापर्यंत उघडी होत गेली.

चुलत सासरे फावडं खांद्यावर टाकून निघाले. जाता जाता म्हणाले, "चिखलात पाय घालू नका आता. मुळं तुटत्याल." एवढंच.

तूर सगळी वाचली नाही. पंधरा दिवसांत खालच्या पट्ट्याला मर लागली. झाड उभ्याउभ्या वाळायचं, पानं न गाळता. आत्यानं एक खोड विळ्यानं चिरून दाखवलं, आत एक काळी रेघ वर चढत गेली होती. खालचा जवळजवळ तिसरा हिस्सा असा गेला. नवरा सुट्टीवर आला, रान बघून आला, आणि जेवताना म्हणाला, "सगळीच मोडून टाकू. रोटर मारतो, कांदा लावू. निदान हाताला काही लागंल."

"खालची मार," आत्या म्हणाली. "वरच्याला हात लावू नको."

"ती तरी कुठं धड हाय? पिवळी पडलीय."

"पिवळी पडलीय, मेली न्हाई."

त्यानं खालचा पट्टा मोडून कांदा लावला. वरची राहिली.

दिवाळीनंतर ती जी उठली, ते मी विसरणार नाही. दोन महिने खाली जाणारी ती झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली. मग फुलं आली. तुरीचं फूल जवळून बघावं. पिवळं तर असतंच, पण पाकळीच्या पाठीवर तांबड्या बारीक रेघा असतात, कुणी बसून ओढल्यासारख्या. सकाळी रानात गेलं की मधमाश्यांचा आवाज आधी यायचा, मग फुलं दिसायची. मी रोज काहीतरी कारण काढून जायचे.

आणि मग ढग आले. थंडी पडायच्या दिवसांत चार-पाच दिवस आभाळ भरून राहिलं, आणि सकाळी अशी दाट धुई की गोठ्यातून घर दिसेना. धुई उठली त्या दिवशी मी रानात गेले. जमीन पिवळी झाली होती. फुलं सगळी खाली, झाडावर नुसते देठ. ओळींच्या मधून चालले तर पायांखाली फुलांचा लगदा होत होता. मला रडू आलं. मुगासाठी आलं नव्हतं, पाण्यातल्या तुरीसाठी आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

आत्या आली. तिनं एक फांदी खाली ओढून पानांच्या बेचक्यात बोट फिरवलं.

"टाकली तिनं फुलं," ती म्हणाली. "तिला वाटलं, आत्ता जमायचं न्हाई."

"मग आता?"

"मग काय, बघंल परत."

मला वाटलं समजूत काढते आहे. पण तिनं विळ्याच्या टोकानं जमीन उकरली. वरचा थर कोरडा, भेगाळलेला. कोपरापर्यंत हात आत घालून तिनं मूठभर माती काढली आणि माझ्या तळहातावर दाबली. थंड, काळी, ओली. पिळली तर गोळा व्हावी अशी. भादव्यातल्या ज्या पाण्यानं खालचं रान मारलं, तेच एवढं खाली जाऊन बसलं होतं. आणि तुरीचं मूळ त्याच्यापर्यंत पोचलेलं होतं. बाकी कुणाचंच पोचलं नव्हतं. शेजारच्या रानातली कपाशी तेव्हा माना टाकत होती.

पंधरा-वीस दिवसांनी बेचक्यांतून नव्या कळ्या निघाल्या. आधी वाटलं भास होतोय. मग एक सकाळ अशी आली की सगळा वरचा तुकडा पुन्हा पिवळा. पहिल्यापेक्षा दाट. मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, आत्ताच तर फुलली होती ना?" मी म्हटलं, "परत फुललीय." तो म्हणाला, "फोटो पाठव."

शेंगा धरल्या तशा अळ्या आल्या. फवारणी एकदा केली. दुसऱ्यांदा आत्यानं करू दिली नाही. आम्ही झाडांखाली जुनी लुगडी अंथरायचो आणि झाडं हलवायचो. हिरव्या अळ्या टपटप पडायच्या. त्या गोळा करून कोंबड्यांपुढं टाकायच्या. दोघींनी तो सगळा तुकडा असा हलवून काढला. दंड भरून यायचे.

तूर काढली, पेंढ्यांच्या सुड्या रचल्या, आणि पुन्हा पाऊस. अवकाळी. दोन दुपारी आला, वाऱ्यासकट. आम्ही ताडपत्री टाकली होती, पण वाऱ्यानं एक कोपरा उचलून फाडला. मळणी झाल्यावर बघितलं तर दाण्यांवर काळपट डाग. सगळ्यांवर नाही, पण मुठीत घेतलं की डोळ्यात भरावेत एवढ्यांवर.

तरी नगरच्या मार्केट यार्डात घेऊन गेलो. नवऱ्यानं टेम्पो ठरवला, आत्या आणि मी पुढं बसलो. यार्डात आमच्यासारखीच पोती ओळीनं. ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर: भाव खाली आलाय. पंधरा दिवसांपूर्वी बरा होता. का आला, तर बाहेरच्या देशातली तूर बंदराला लागली.

आमचा माल बघायला आलेला व्यापारी काही वाईट माणूस नव्हता. त्यानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळचे दाणे काढले, तळहातावर पसरले. एक दाणा दाताखाली धरून फोडला.

"वाळलीय चांगली," तो म्हणाला. "पण डागी आहे, काकू. पावसात सापडलेला माल. मिलवाले चांगल्याला नाही म्हणतायत सध्या, हा कोण घेईल?" आणि त्यानं जो भाव सांगितला, तो ऐकून नवरा दुसरीकडं बघू लागला.

आत्यानं त्याच्याच तळहातावरचा सगळ्यात काळा दाणा उचलला. दातानं फोडला, साल नखानं काढली, आणि दोन फाका त्याच्यापुढं धरल्या. "आत बघा की."

पिवळ्या धमक. डागाचा मागमूस नाही.

व्यापारी हसला. "मला दिसतंय काकू. पण मिलवाला वरून बघतो, आत नाही बघत."

"मग आमी आत बघतो," आत्या म्हणाली. नवऱ्याकडं वळून म्हणाली, "पोती टेम्पोत टाक."

हमाल आमच्याकडं बघत राहिला. उतरवलेला माल पुन्हा चढवायचा, म्हणजे दोनदा हमाली आणि परतीचं भाडं. तिसगाव आलं तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "एवढी तूर घरात ठिवून करायचं काय?"

"डाळ," आत्या म्हणाली.

मी आयुष्यभर डाळ खाल्ली होती. डाळ दुकानात मिळते, एवढंच मला माहीत. दुसऱ्या दिवशी आत्यानं मला डोंगराच्या पायथ्याशी पाठवलं, तांबडी माती आणायला. काळी चालत नाही, तांबडीच. ती चाळून घेतली. तूर मोठ्या पातेल्यांत भिजत घातली, किती वेळ ते तिनं घड्याळावर ठरवलं नाही. मधून मधून एक दाणा बोटांत दाबून बघायची. मग उपसून, मातीचं पाणी चोळून ढीग घातला, वर पोती झाकली. दुसऱ्या दिवशी पत्र्यावर आणि अंगणात उन्हाला टाकली. चार दिवस ऊन. ऊन उतरलं की गोळा करायची, सकाळी पुन्हा पसरायची. वाळता वाळता माती सालीतला ओलावा ओढून घेते आणि साल सैल होते. हे मला आत्यानं सांगितलं नाही, मी बघून ताडलं. तिला कारण विचारलं की ती म्हणायची, "असंच करत्यात."

मग जातं. कोपऱ्यात पडलेलं, आम्ही त्यावर पाण्याची घागर ठेवायचो. आत्यानं ते धुतलं, वाळवलं, मधल्या खुंट्याभोवती चिंधीचं एक कडं घातलं आणि वरची तळी, म्हणजे वरचा दगड, त्यावर बसवली. त्या कडं घालण्यातच सगळं होतं. वरची तळी खालच्या तळीपासून एका दाण्याएवढी उचललेली राहायला पाहिजे. खाली राहिली तर पीठ होतं, वर राहिली तर दाणा सबंध निघून जातो. तिनं मूठभर तूर घातली, दोन फेरे मारले, थांबली, चिंधीचा एक पदर कमी केला. पुन्हा दोन फेरे.

आणि जात्याच्या कडेनं डाळ पडायला लागली.

मी शेजारी बसले होते. वर जात होती ती मातीनं माखलेली, डागाळलेली, यार्डातून परत आलेली तूर. खाली पडत होती ती पिवळी. नुसती पिवळी म्हणून चालणार नाही. सकाळचं ऊन दारातून आत येत होतं, आणि त्या उन्हात ती वेगळी ओळखू येत नव्हती. मी हात घातला तर डाळ ऊबदार होती, दगडाच्या घर्षणानं. पाण्यात बुडालेली ती, फुलं टाकलेली ती, पुन्हा फुललेली ती, पावसात भिजलेली ती, आणि एवढ्या सगळ्यातलं काही म्हणजे काहीही तिच्या आतपर्यंत पोचलं नव्हतं.

"बघत काय बसलीस?" आत्या म्हणाली. "सूप घे."

महिनाभर आमच्या घरात तेच काम. आत्या भरडायची, मी पाखडायचे आणि चाळायचे. साल आणि कणी, म्हणजे चुनी, म्हशीला. तिसगावच्या बाजारात पहिल्यांदा दोन गाठोडी नेली. मला वाटलं, पाकिटातल्या चकचकीत डाळीपुढं ही कोण घेणार? पहिल्या बाईनं घेतली ती आत्याच्या ओळखीमुळं. पुढच्या बाजारी ती तिच्या दोन जावांना घेऊन आली. म्हणाली, पाणी उकळलं की शिजती, आणि घरभर वास सुटतो. माझ्या आईनं माहेरी शेजारपाजारी वाटली, तर तिकडून फोन यायला लागले. नवरा कंपनीतल्या लोकांसाठी पिशव्या भरून न्यायचा, आणि त्या त्यानं स्वतःहून मागितल्या होत्या.

एका सकाळी चुलत सासरे आले. खांद्यावर एक पोतं. त्यांचीही वरच्या बाजूला थोडी तूर होती, तीही डागीच. पोतं पायरीशी ठेवून म्हणाले, "वैनी, एवढी भरडून द्याल का? चुनी तुमची."

"आत तर या आधी," आत्या म्हणाली.

ते आले. चहा झाला. बांधाचा विषय कुणी काढला नाही. फोडलेला बांध त्यांनी नंतर परत घातला होता, पण मधे पाणी जायला एक सिमेंटचा पाईप टाकून. तो कुणी कुणाला न विचारता टाकला होता आणि आम्हीही न विचारता ठेवला.

वैशाखात त्या व्यापाऱ्याचा फोन आला. भाव वर गेला होता. बाहेरून येणारी तूर कमी झाली म्हणे, आणि आता त्याला डागी मालही चालणार होता. मी फोनवर हात ठेवून आत्याला सांगितलं.

आत्या हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला. "त्येला म्हनाव, तूर संपली. डाळ पायजे असंल तर दोन किलो ऱ्हायलीय, घरी खायला घेऊन जा."

मी तसंच सांगितलं. तो माणूसही हसला. आणि खरंच त्यानं दोन किलो मागून घेतली, नगरला जाणाऱ्या नवऱ्याच्या हातून.

किती मिळाले, हे मला नेहमी विचारलं जातं. त्या दिवशी यार्डात तूर विकून मिळाले असते त्यापेक्षा जास्त मिळाले, आणि भाव वर गेल्यावर विकली असती तर मिळाले असते त्याच्या जवळपास. नवऱ्याचा कांदा त्या वर्षी बरा झाला, ते त्यानं चारदा बोलून दाखवलं आणि आम्ही चारदा ऐकून घेतलं.

पण आत्याचा उजवा खांदा गेला. महिनाभर जातं ओढून तो असा धरला की तिला वेणी घालता येईना. तिसगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय केलंत आजी?" तर ती म्हणाली, "काय न्हाई, डाळ." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जात्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

म्हणून या वर्षी मी बसले. तिनं केलं तसंच सगळं केलं. भिजवलं, माती चोळली, ऊन दिलं. चिंधीचं कडं घालून तळी बसवली. आत्या खाटेवर आडवी, तोंड भिंतीकडं. मी फिरवायला सुरुवात केली.

"खाली बसलीय तळी," ती भिंतीकडं बघतच म्हणाली. "उचल जरा."

मी चिंधी वाढवली. फिरवलं.

"आता लई वर गेली."

"तुम्हाला दिसत तर नाही, आत्या."

"ऐकू येतंय की."

मी थांबले. पुन्हा फिरवलं, कान देऊन. घरघर ऐकू आली, नुसती घरघर. तिला त्यात काय वेगळं ऐकू येत होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि अजूनही पुरतं कळलेलं नाही. आठवड्यानं एकदा, चुकून, कडं बरोबर बसलं. आवाज बदलला. बारीक, कोरडा, एकसारखा. आत्या कुशीवर वळून बघू लागली. कडेनं डाळ पडत होती.

पहिल्या पायलीत माझी निम्मी चुनी झाली होती. म्हशीनं आनंदानं खाल्ली.